वार पडल्यावर

माझं पहिलं बाळंतपण नॉर्मल झालं. टाकेसुद्धा दोनच पडले. सकाळी सात-सव्वासातला मुलगी झाली, थोड्या वेळात वार पडली आणि दादांनी तिथूनच भावाला कुंथलगिरीचे पेढे आणायला पिटाळलं. तो पेढे घेऊन आला तेव्हा मी अँब्युलन्समध्ये होते, सोलापूरच्या रस्त्यावर.

ही गोष्ट जानेवारी २०२० ची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासर कळंब तालुक्यातलं, माहेर तुळजापूर तालुक्यातलं. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी नॉर्मलच. आमच्याकडे सिझर म्हणजे डॉक्टरने पैशासाठी केलेलं आणि नॉर्मल म्हणजे बाईचं कर्तृत्व, असा सरळ हिशेब असतो. भीती अगदीच पोकळ होती असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात, आणि खासगी दवाखान्यांत हेच प्रमाण ४७ टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणून मी तयारीला लागले, परीक्षेची करावी तशी. वही घातली.

त्या वहीतलं बरंचसं आजही बरोबर वाटतं. रोज संध्याकाळी पाऊण तास चालणं. बद्धकोनासन, मार्जारासन, भिंतीला पाठ टेकवून उठाबशा. भ्रामरी आणि लांब श्वास, मात्र श्वास कोंडून धरायचा नाही, कपालभाती तर मुळीच नाही. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपून करायचे व्यायाम बंद केले, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि चक्कर येते. चौतिसाव्या आठवड्यापासून खालच्या भागाला तेलाचा हलका मसाज केला. पहिलटकरणीला त्याने टाके पडण्याची शक्यता कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. ओळखीच्या वैद्यबाईंनी नवव्या महिन्यात तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, सांगितला, चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे तसा, तोही त्यांच्याच देखरेखीखाली घेतला. कळा आल्या तेव्हा मी घाबरले नाही, ओरडले नाही, उभी राहिले, चालले, नणंदेच्या खांद्यावर रेलून श्वास सोडत राहिले. या सगळ्याचा उपयोग झाला. ते सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही.

वहीत नव्हतं ते हिमोग्लोबिन.

म्हणजे आकडा होता. पाचव्या महिन्यात ९.८ आणि आठव्यात ८.६. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आशाताईंनी पिशवी भरून लाल गोळ्या दिल्या होत्या, सरकारी हिशेबाप्रमाणे १८० दिवस रोज एक. मी जेमतेम चाळीस घेतल्या असतील. पोटात ढवळायचं, शौचाला काळं व्हायचं, आणि आजी म्हणायची, "त्या गोळ्यांनी लेकरू काळं निपजतं गं माय." आजीचं मी ऐकलं अशातला भाग नाही. मला वाटायचं, मी एवढं नैसर्गिक खाते, मग गोळी कशाला? बीटाचा रस, गूळ-शेंगदाणे, खजूर, रोज. वैद्यबाईंनी गोळ्या बंद कर असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते मी माझ्याच मनाने त्यांच्या नावावर खपवलं.

आता हिशेब मांडते, तेव्हा मांडायला हवा होता तो. पूर्ण गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम बीटात लोह असतं एक मिलिग्रॅमच्या आसपास. लाल रंग बघून आपण फसतो. बाजरी आणि आपली पालेभाजी त्याहून बरी, पण धान्य-भाजीतलं लोह अंगाला थोडंच लागतं. त्यावर लिंबू किंवा आवळा घेतला तर जास्त लागतं, आणि जेवणावर चहा घेतला की तेही निसटतं. मी जेवणानंतर लगेच चहा घेणारी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. बीट खा, हरकत नाही, पण ते गोळीच्या जागी नव्हे. ढवळत असेल तर रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळं होणं साहजिक आहे. लेकराच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. आणि आठव्या महिन्यात ८.६ असेल तर नुसत्या गोळ्यांवरही थांबायचं नसतं. शिरेतून लोह देता येतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. मी विचारलं नाही, कारण विचारलं तर गोळ्या घेत नसल्याचं सांगावं लागलं असतं.

डिसेंबरच्या शेवटी मी माहेरी होते. त्या साली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आणि सूर्यग्रहण लागूनच आले. येळवशीला शेतात कोपीपुढे बसून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे पोटभर खाल्ले. तिथे चुलतीच्या ओळखीची एक बाई होती. अणदूरच्या डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं, त्यांच्यातली ती. हात धुतल्या धुतल्या तिने माझी पापणी खाली ओढून बघितली. "पांढरं दिसायलंय. गोळ्या घेतीस का न्हाई?" मी हो म्हटलं. शिक्षिका आहे मी, खोटं बोलताना अडखळत नाही.

ग्रहण २६ डिसेंबरला सकाळी आठ ते अकरा. वेध पाळून मी आदल्या संध्याकाळपासून कोरडी बसले, नवव्या महिन्यात. त्याने फार बिघडलं असं नाही. पण शिक्षणाने शहाण्या म्हणवणाऱ्या बाईची ही तऱ्हा, म्हणून सांगते.

दिवस भरून तीन दिवस झाले तरी कळा नाहीत, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून गरम दुधातून एरंडेल घेतलं. स्वतःच्या मनाने, कुणालाही न विचारता. रात्रभर जुलाब आणि उलट्या. पहाटे कळा सुरू झाल्या खऱ्या, पण मी पिळून काढल्यासारखी झाले होते. पुढे जे झालं त्यात या जागरणाचा किती वाटा, हे कुणी सांगू शकत नाही. थकलेलं, पाणी आटलेलं शरीर घेऊन मी दवाखान्यात गेले एवढं मात्र खरं. एरंडेलाने कळा येतीलच असं नाही, जुलाब मात्र हमखास होतात.

दवाखाना छोटा होता. मी आधीच बजावलं होतं, "मला कसलंही इंजेक्शन नको." माझ्या डोक्यात कळा वाढवायचं इंजेक्शन होतं. मला माहीत नव्हतं की तेच औषध, ऑक्सिटोसिन, बाळ बाहेर आल्याबरोबर दंडात किंवा मांडीत दिलं जातं आणि तेव्हा त्याचं काम वेगळं असतं. गर्भाशय आवळून धरायचं. वार सुटते तिथे रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त धावत असतं. त्या नळ्या बंद करायला टाका नसतो, दोरा नसतो. गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि त्या पिळात नळ्या मिटतात. स्नायू ढिले राहिले तर रक्त वाहतच राहतं. सिस्टरने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा मान हलवली. नैसर्गिक म्हणजे नैसर्गिक.

पंधरा-वीस मिनिटांनी पाठीखाली ऊब लागली. दुखत काहीच नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मग थंडी वाजली, कान गुणगुणले, नणंदेचा चेहरा लांब गेला. सिस्टर दोन्ही हातांनी पोट चोळत होती. इंजेक्शन दिलं गेलंच, मागाहून, सलाईनही लागलं. रक्तस्राव आटोक्यात आला, पण मुळात माझ्या अंगात होतं किती? बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर ११-१२ हिमोग्लोबिनवाली बाई सहसा निभावते. मी ८.६ वरून उतरले होते. सोलापूरला पोचल्यावर तपासलं तेव्हा आकडा होता ५.१. रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. हे आणि माझा भाऊ रक्तपेढीच्या दारात उभे होते, आणि मुलगी तालुक्याला आजीजवळ वाटी-चमच्याने दूध पीत होती. सुटी होऊन घरी आल्यावर कपाट उघडलं, तर गोळ्यांची पाकिटं तशीच होती.

भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "नॉर्मल झाली ना? मग झालं तर." मीही मान डोलवायचे.

माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया आता मला विचारतात, तेव्हा व्यायाम मी शेवटी सांगते. आधी विचारते, हिमोग्लोबिन किती? सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या कार्डावर आकडा लिहिलेला असतो, तो पाठ पाहिजे. मग सांगते, जिथे बाळंत होणार तिथे जाऊन दोन प्रश्न विचारा. रक्त लागलं तर कुठून येणार, आणि यायला किती वेळ लागणार? उत्तर तासाच्या पुढे गेलं आणि तुमचा आकडा कमी असला, तर दवाखाना बदला, मग तिथले डॉक्टर कितीही ओळखीचे असोत. तुमच्याच रक्तगटाची दोन माणसं आधी सांगून ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून २०११ पासून औषधं, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे, १०८ चा नंबर घरातल्या म्हाताऱ्यांच्याही फोनमध्ये असू द्या. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर तेल, लेप, काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी निघा. एरंडेल, भस्माच्या पुड्या, कुणी सांगितलेलं मुळी-पाल्याचं काहीही आपल्या मनाने घेऊ नका. आणि बाळ झाल्यावरच्या इंजेक्शनला नाही म्हणू नका. ज्या बाईला हे कळतं तिला नंतर मलासन शिकवायलाही मी तयार असते, जमिनीवर बसून.

एकदा रक्त गेलेल्या बाईला पुढच्या वेळी धोका जास्त, म्हणून २०२३ साली धाकट्याच्या वेळी आम्ही थेट सोलापूरला, रक्तपेढी असलेल्या दवाखान्यात नाव नोंदवलं. चालणं तेच, भ्रामरी तीच, भाकरीही तीच. गोळ्या १८० च्या १८० संपवल्या, शेवटचा आकडा ११.४ होता. तोही नॉर्मल झाला, आणि इंजेक्शनसाठी दंड मीच पुढे केला. दादांनी पेढे आणून ठेवले होते. बाळंतपणानंतरचे पहिले चोवीस तास सरेपर्यंत मी त्यांना खोका उघडू दिला नाही.