बिडाची ‘टक्’

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हणजे व्हायव्हापेक्षा जास्त भीती! शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा धडा मी बिलोलीच्या गॅरेजमध्ये शिकले, म्हणून तिथल्याच भाषेत सांगते.

आमच्या आजोबांची जुनी पेट्रोल जीप. इंजिन कामातून गेलं तेव्हा काकांनी जुनं डिझेल इंजिन आणलं. (असा बदल करताना मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते. ते काम आधी उरका.) इंजिन बसलं, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं तोंड नेमकं स्टीअरिंगच्या रॉडवर! मिस्त्रीचाचांनी ते ग्राइंडरने कापलं, तिरकं फिरवलं आणि नेहमीच्या स्टीलच्या रॉडने आर्क वेल्डिंग केलं. जोड दिसायला सुंदर. थंड होताना मात्र ‘टक्’ असा आवाज आला. चाचा म्हणाले, “स्लॅग सुटला असेल, बेटी.” मेटलर्जीच्या पेपरात बिडावरचा प्रश्न मी पूर्ण लिहिला होता. तरी गप्प बसले.

आठवड्याने बोधनहून परत येताना पाऊस लागला. जीपचे पडदे बंद. येसगीच्या पुलापाशी आजी म्हणाली, “डोकं लई जड झालंय गं, मळमळायलंय.” तिला लगेच मोकळ्या हवेत उतरवलं, नंतर डॉक्टरांना दाखवलं. ती बरी झाली. बॉनेट उघडलं तर जोडाच्या शेजारी काळी रेघ. तिथून निघालेला धूर आत येत होता. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे विसरू नका.

तडा जोडात नाही, शेजारी का?

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, माईल्ड स्टीलमध्ये पाव टक्क्याच्या आसपास. आर्कच्या उष्णतेने जोडाशेजारचा कार्बन लोखंडात विरघळतो. बाकीचं थंड बीड ती उष्णता झटकन ओढून घेतं आणि तिथे काचेसारखा कडक, ठिसूळ थर तयार होतो (मार्टेन्साइट आणि सिमेंटाइट). जोड आकसतो, बीड ताणलं जात नाही. मग ‘टक्’!

बीडच जोडायचं असेल तर

१) तेल-काजळी पूर्ण काढा. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ‘व्ही’ खाच करा.
२) सगळा मॅनिफोल्ड सावकाश, सारखा तापवा, २५०-३०० अंश सेल्सिअस.
३) निकेलचा रॉड वापरा. महाग आहे, पण निकेल मऊ राहतं आणि ताण सोसतं.
४) एका वेळी २५ मिमीच जोड घाला, गरम असतानाच हातोडीने हलके ठोके द्या.
५) चुन्यात किंवा कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. पाणी अजिबात नको.

आम्ही काय केलं?

आमचं बीड दोनदा तापून बिघडलं होतं, म्हणून स्टीलचा नवा मॅनिफोल्ड केला. १२ मिमीच्या प्लेटचा फ्लँज, जाड पाइपचे बेंड. वेल्डिंगने फ्लँज वाकतो, म्हणून तो जाड प्लेटवर बोल्टने आवळला, आधी सगळीकडे टॅक मारले, मग आलटून पालटून जोड घातले. थंड झाल्यावर तोंड सरफेस ग्राइंडरवर सपाट केलं.

आता एक गणित. स्टील दर अंशाला, दर मीटरला सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. अर्धा मीटर लांबी आणि ५०० अंशांची वाढ धरली तर ०.०१२ × ०.५ × ५०० = ३ मिमी! म्हणून पोर्टांच्या मधला फ्लँज कापला, टोकाची भोकं थोडी लांबट केली आणि नट मधून बाहेरच्या बाजूला आवळत गेलो. सायलेन्सरच्या पाइपला वेगळा आधार दिला, नाहीतर सगळं वजन मॅनिफोल्डवर येतं.

बसवण्याआधी बाहेरून खडूचं पाणी लावून वाळवलं आणि आतून रॉकेल फिरवलं. एका ठिकाणी ओला डाग उमटला. तेवढं घासून पुन्हा जोडलं, पुन्हा तपासलं.

मी चाचांना कार्बनचं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “मग त्या दिवशी का नाही बोललीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्रमैत्रिणींनो, पेपरात लिहिलेलं गॅरेजमध्येही बोला. ‘टक्’ झाल्यावर नाही, आधीच.