डोळ्याच्या आंतील पडदा व लेसरची चिकित्सा
(वाचनपाठ : मार्क ८:२२-२६)

बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट आपण मंडळींत पुष्कळ वेळां ऐकली आहे. प्रभूनें त्याचा हात धरून त्यास गांवाबाहेर नेलें. प्रथम हात ठेवल्यावर माणसें त्यास चालत्या झाडांसारखीं दिसलीं. पुनः हात ठेवले तेव्हां कोठें सर्व कांहीं स्पष्ट दिसूं लागलें. ह्या वृत्तांतांतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों. एक, त्या मनुष्यास कोणीतरी आणलें होतें. दुसरी, पहिल्या वेळीं अर्धवट दिसलें म्हणून तो उठून घरीं गेला नाहीं.

डोळ्यांस कमी दिसूं लागलें म्हणजे आपले लोक "मोतीबिंदू आला" असें म्हणून स्वस्थ बसतात. मोतीबिंदू हा डोळ्याच्या पुढील बाजूच्या भिंगाचा रोग आहे. तें भिंग काढून दुसरें बसवितां येतें व बहुधा दृष्टि परत येते. परंतु डोळ्याच्या मागील बाजूस आंतून एक अति पातळ पडदा आहे, त्यास दृष्टिपटल म्हणतात. प्रकाश त्यावर पडतो आणि तेथून तंतूंच्या द्वारें वार्ता मेंदूस पोंचते. ह्या पडद्याचा जो भाग मेला तो मेला. त्याच्या जागीं दुसरा बसवितां येत नाहीं. म्हणून मोतीबिंदूंत जी दिरंगाई खपते ती येथें खपत नाहीं.

ह्या पडद्याचा मोठा शत्रु मधुमेह होय. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली म्हणजे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपूं लागतात व कित्येक बंद पडतात. ज्या भागास रक्त मिळत नाहीं तो एक द्रव्य सोडतो, व त्या योगें नव्या रक्तवाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या असतात. त्या फुटून डोळ्यांत रक्त सांडतें, किंवा त्यांजबरोबर वाढलेले तंतू आकसून पडदा ओढून काढितात. आणि नवल हें कीं, रक्त सांडेपर्यंत रोग्यास पुष्कळदां चांगलें दिसत असतें!

ह्यावरील उपायाचा आरंभ एका अपायापासून झाला. १९४५ च्या जुलै महिन्यांत सूर्यग्रहण झालें. तें नुसत्या डोळ्यांनीं पाहिल्यामुळें ज्यांच्या पडद्यावर भाजल्याचे डाग पडले होते असे रोगी जर्मनींतील नेत्रवैद्य गेर्ट मायर-श्विकेराथ ह्यांच्या पाहण्यांत आले. सूर्य जर पडदा भाजूं शकतो, तर तोच प्रकाश मोजून मापून रोगट जागीं कां घालूं नये, असा विचार त्यांनीं केला. आरशांच्या साह्यानें त्यांनीं सूर्यप्रकाशच वापरून पाहिला. पण आभाळ आलें कीं काम अडे! मग झेनॉन वायूचा प्रखर दिवा आला. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन ह्यांनीं माणकाचा लेसर सिद्ध केला, व पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें तो मनुष्याच्या दृष्टिपटलावर वापरण्यांत आला. १९७६ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, मधुमेहाच्या वाढलेल्या विकारांत वेळीं लेसर केल्यास दृष्टि अत्यंत क्षीण होण्याचा धोका निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो.

चिकित्सा भयंकर नाहीं. थेंब घालून बाहुली मोठी करितात व डोळा बधिर करितात. रोगी यंत्रापुढें हनुवटी टेकून बसतो, डोळ्यावर एक भिंग धरितात, आणि प्रकाशाच्या ठिणग्या चमकूं लागतात. जुन्या पद्धतीप्रमाणें एकेक ठिणगी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकी, व एका डोळ्यास अशा १,२०० ते १,६००, त्याही बहुधा दोन-तीन बैठकींत. मधून मधून कळ येते. कापाकापी नाहीं, त्याच दिवशीं घरीं जातां येतें. मात्र कांहीं तास अंधुक दिसतें, म्हणून सोबती असावा.

आतां एक गोष्ट झांकून ठेवूं नये. लेसर पडद्याच्या कडेचा भाग मुद्दाम भाजतो. विहिरीस पाणी कमी असतां शेतकरी बांधाकडचे वाफे सोडून देतो व मधलें पीक वांचवितो, तसाच हा प्रकार. कडेची मागणी कमी झाली म्हणजे तें द्रव्य कमी होतें व कच्च्या वाहिन्या सुकतात. बाजूचें व रात्रीचें दिसणें थोडें उणें होऊं शकतें. गेलेली दृष्टि लेसर परत आणीत नाहीं, असलेली राखतो. पडद्याच्या मध्यभागीं सूज असल्यास हल्लीं बहुधा डोळ्यांत औषधाची सुई देतात. काय योग्य तें वैद्यानें ठरवावें.

हें आम्हांस पूर्वीं ठाऊक असतें तर बरें झालें असतें. आमच्या मंडळींतील एका वृद्ध बंधूच्या उजव्या डोळ्यास लेसरची एक बैठक झाली, व दोन आठवड्यांनीं डाव्यासाठीं येण्यास सांगितलें. "अधिक कांहींच दिसत नाहीं, गाडीभाडें मात्र गेलें," असें म्हणत ते आमच्याकडे आले. हंगामाचा सण जवळ होता व भजनें तेच चालवीत. "सण होऊं द्या, मग जा," असें आम्हीं सांगितलें. सणानंतरच्या आठवड्यांत एके पहाटे डाव्या डोळ्यापुढें पाण्यांत शाई ओतल्यासारखें झालें. शस्त्रक्रिया झाली, तरी त्या डोळ्यानें ते आतां बोटें मोजण्यापुरतेंच पाहतात. उजव्यानें मोठ्या अक्षरांचें पवित्र शास्त्र वाचितात. त्यांनीं आम्हांस कधीं शब्द लाविला नाहीं. हा मजकूर त्यांच्या परवानगीनेंच आम्ही छापीत आहों.

वैद्याकडे जाणें हें विश्वासांत उणें आहे काय, असें कोणी विचारितात. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, एवढेंच आम्ही त्यांस सांगतों.

उपदेशक बंधूंनीं घरभेटीच्या वेळीं मधुमेह असलेल्या प्रत्येकास विचारावें कीं, बाहुली मोठी करून ह्या वर्षीं पडदा तपासला काय? चष्म्याची तपासणी ती ही नव्हे. एकाएकीं विजेसारख्या चमका, काळे ठिपके किंवा पडदा पडल्यासारखें झालें तर पडदा फाटला असूं शकेल. त्याच दिवशीं निघावें. फाटीभोंवतीं लेसरनें बांध घालितां येतो, पण पडदा सुटल्यावर शस्त्रक्रियाच लागते. जें मूल ३४ आठवड्यांपूर्वीं जन्मलें किंवा ज्याचें वजन २ किलोहून कमी होतें, त्याचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आंत तपासून घ्यावे. फारच लहान असल्यास त्याहून लवकर.

पुढील बैठकीची तारीख मंडळीच्या वहींत लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीं बरोबर कोण जाणार त्याचें नांवही तिच्यापुढें लिहावें.