दोन किलोमीटरला एवढे भाडे का?

प्रश्न : आम्ही कोथरूडमधल्या कोथरूडमध्येच, जेमतेम दोन किलोमीटरवर घर बदलत आहोत. जवळच्या टेम्पोवाल्याने सांगितलेले भाडे हे मावसभावाने हडपसरला जाताना मोजलेल्या रकमेपेक्षा फक्त पाचशे रुपयांनी कमी आहे. हा माणूस फसवतो आहे का? त्यापेक्षा मोठ्या कंपनीकडे जावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा फसवत नाही. तुम्ही हिशेब रिक्षाच्या मीटरप्रमाणे मांडलात. अंतर कमी, म्हणून पैसे कमी. पण घर हलवताना गाडी धावते थोडी आणि उभी राहते फार. तिसऱ्या मजल्यावरचे सामान खाली आणून टेम्पोत लावायला तीन-चार माणसांना दोन-अडीच तास सहज लागतात, आणि नव्या घरी वर चढवायला जवळपास तेवढेच. मधला प्रवास तुमचा दहा मिनिटांचा, मावसभावाचा गर्दीत तासाभराचा. फरक पडला तो पाऊण-एक तासाचा आणि थोड्या डिझेलचा. टेम्पोवाल्याचा दिवस मात्र दोन्हीकडे सारखाच गेला, कारण त्यानंतर दुसरे घर हाती घेण्याइतका वेळ आणि माणसांत जोर उरत नाही. तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः हमालीचे.

म्हणून भाडे ठरवताना अंतरापेक्षा जिन्याबद्दल बोला. दोन्हीकडे मजला कितवा, लिफ्ट आहे का, लोखंडी कपाट तिच्यात मावते का, सोसायटी सामानासाठी लिफ्ट वापरू देते का आणि किती वाजेपर्यंत, टेम्पो दारापर्यंत येतो की बोळाच्या तोंडाशी थांबतो, हे सगळे आधी सांगा. त्याहून चांगले म्हणजे त्याला घरी बोलावून सामान दाखवा, आणि माळा व बाल्कनी आवर्जून दाखवा. फोनवर माणूस पलंग, कपाट, फ्रिज एवढेच सांगतो. माळ्यावरची पिंपे, जुनी ट्रंक आणि बाल्कनीतल्या वीस कुंड्या फाळका उघडल्यावर समोर येतात. शेवटच्या क्षणी होणारी बहुतेक भांडणे या न सांगितलेल्या सामानावरून होतात, आणि त्यात टेम्पोवाल्याची बाजू अनेकदा खरी असते.

'छोटा हत्ती दोन फेऱ्या करेल, स्वस्त पडेल,' असेही पुष्कळांना वाटते. 2005 साली आलेली ही छोटी टाटा एस साधारण पाऊण टन भार नेते. वजनाच्या हिशेबात घरसामान तिला फारसे जड नाही. अडचण जागेची होते. गाद्या, कपाटे, सोफा वजनाला बेताचे, पण हौदा भरून टाकतात. दुसऱ्या फेरीत माणसे पुन्हा विभागावी लागतात, अर्धी एकीकडे ताटकळतात आणि वेळ वाढतो. दोन-तीन खोल्यांच्या घराला मोठा टेम्पो एकदाच आणलेला सहसा परवडतो.

आता मोठ्या कंपनीचे. तिथे खोकी, फुगेवाला प्लास्टिक कागद, देखरेखीला माणूस आणि रीतसर पावती मिळते. काचसामान पुष्कळ असेल किंवा परगावी जायचे असेल, तर जास्त पैसे जरूर द्या. गावातल्या गावात, भांडीकुंडी स्वतः बांधणार असाल, तर छोटा माणूस उत्तम. बऱ्याचदा मालक स्वतः गाडी चालवतो आणि कपाटालाही हात लावतो. तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न उरत नाही. एक गैरसमज मात्र काढून टाका : 'गाडीचा विमा आहे' म्हणजे तुमच्या सामानाचा विमा आहे असे नव्हे. हौद्यातल्या टीव्हीचा त्या विम्याशी संबंध नसतो. म्हणून दागिने, कागदपत्रे, लॅपटॉप स्वतःजवळ ठेवा आणि निघताना व पोचल्यावर डाग मोजा.

दोन यंत्रांकडे स्वतः लक्ष द्या. फ्रिज उभाच न्यायला सांगा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. मग उभा केल्यावर काही तास थांबूनच सुरू करायचा. पुढे दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मशीन नवे आले तेव्हा मागून काढलेले लांब बोल्ट जपून ठेवले असतील, तर ते पुन्हा बसवा; नाहीतर ड्रम वाटेत आपटत राहतो.

नव्या इमारतीखाली कोणी 'माथाडी' म्हणून पैसे मागायला आले, तर बिचकू नका. 1969 चा माथाडी कायदा ठरावीक उद्योगव्यवसायांतल्या हमालांना रास्त मजुरी आणि संरक्षण मिळावे म्हणून झाला, आणि तो कष्टकऱ्यांच्या हक्काचा मोलाचा कायदा आहे. तुमचे घरसामान तुमच्या माणसांनी उतरवल्याबद्दल पैसे उकळण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. दमदाटी झाली, तर 112 वर पोलिसांना कळवा.

राहिला घासाघिशीचा भाग. अकरा महिन्यांचे करार बहुधा महिनाअखेर संपतात, त्यामुळे 30, 31 आणि 1 तारखेला टेम्पो मिळणे कठीण आणि भाडे चढे. घरमालकाशी बोलून महिन्याच्या मधला, आठवड्यातला एखादा दिवस मिळतो का पाहा. इसार थोडाच द्या, बाकी रक्कम शेवटचा डाग वर पोचल्यावर. तुमचे पाचशे रुपये तारीख बदलून वाचतील; हमालांच्या मजुरीतून ते कापू नका.