मंगळवारी संध्याकाळी काय करणार?

सोने, तुझ्या सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं 'राज्यात पहिली' असं लिहिलेलं मी पाहिलं. राहू दे, खोडू नकोस. फक्त पान उलट आणि येत्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर जाऊन तू नेमकं काय करणार आहेस ते लिहून दाखव. किती फेऱ्या, किती सेकंदांत, मध्ये थांबायचं किती. ते लिहिता आलं तर तुझं ध्येय खरं. नाही आलं तर ती हौस. हौस वाईट नसते गं, पण तिच्या जोरावर पाय हलत नाहीत.

गळ्यात शिट्टी अडकवून माझी सगळी नोकरी गेली. 'काय व्हायचंय' विचारलं की पोरं छाती काढून ऑलिंपिक सांगायची, आणि 'काल किती वेळ लागला' विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. म्हणून कुठं जायचंय ते नंतर. आज कुठं आहेस ते आधी लिही. तुझं मी लिहून ठेवलंय: १५०० मीटर, ५ मिनिटं २५ सेकंद. शाळेचं मैदान २०० मीटरचं, म्हणजे साडेसात फेऱ्या. तुला वाटलं मी नुसती कडेला उभी आहे, पण प्रत्येक फेरीची वेळ मी वेगळी टिपत होते. ३८, ४१, ४३, ४५, ४६, ४६, ४४ आणि शेवटची अर्धी फेरी २२.

हे आकडे नीट बघ, सगळं त्यातच आहे. पहिली फेरी ३८, कारण कट्ट्यावर वर्गातली पोरं बसली होती आणि त्यांना दिसायला हवं होतं. पाचवी ४६. चार फेऱ्यांत आठ सेकंदांची घसरण. तू म्हणालीस, शेवटी दम कमी पडला. शेवटी नाही पडला, तो तू पहिल्या फेरीतच उधळलास आणि पुढच्या सहा फेऱ्या उधारीवर काढल्यास.

आता ध्येयाकडे येऊ. जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत ५ मिनिटं १० सेकंद, असं आपण दोघींनी धरलंय. पंधरा सेकंद कमी करायचे म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला होता. त्या पंधराला साडेसात फेऱ्यांनी भाग. फेरीला दोन सेकंद. म्हणजे प्रत्येक फेरी एक्केचाळीसच्या जरा वर. आणि ही चाल तुला नवीन नाहीच मुळी! तुझ्या पहिल्या दोन्ही फेऱ्या याहून जलद आहेत. म्हणजे वेग तुझ्याकडे आहे, तो टिकत नाही. मग आपलं काम जोरात पळण्याचं नाही, एक्केचाळीसची चाल दोन फेऱ्यांवरून साडेसात फेऱ्यांपर्यंत लांबवत न्यायचं आहे.

असं मांडलं की मंगळवार आपोआप ठरतो. २०० मीटर, आठ वेळा, प्रत्येक वेळी ४१ सेकंद, मध्ये एक फेरी अगदी हळू. ४१ म्हणजे ४१. ३८ आले तर शाबासकी मिळणार नाही, ती फेरी बाद धरायची. तीन आठवडे हे नीट जमलं की ४०० मीटर, पाच वेळा, ८२ सेकंदांत. शुक्रवारी चढाचं पळणं. रविवारी लांब पल्ला. उरलेल्या दिवसांत दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि बाकी इतकं हळू की पळता पळता मैत्रिणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे हळू पळणंच तुम्हा पोरांना जमत नाही. कुणी मागून येऊन पुढं गेलं की लगेच चाल बदलते. जाऊ दे त्यांना. त्या दिवशीचं तुझं ध्येयच हळू पळणं आहे.

अविनाश साबळेचं नाव तुझ्या तोंडात सारखं असतं, पण त्याचे आकडे तू कधी ओळीनं मांडलेस का? बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, आपल्यासारखाच पाण्याची वाट बघणारा मुलूख. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. २०१८ साली भुवनेश्वरला त्यानं ८:२९.८० अशी वेळ दिली आणि गोपाळ सैनींचा १९८१ सालचा, ८:३०.८८चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षांचा विक्रम, आणि मोडला किती फरकानं? सेकंदाच्या किंचित वर. पुढं २०१९ला दोहात ८:२१.३७, टोकियो ऑलिंपिकला ८:१८.१२, २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि २०२४च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंदसुद्धा पूर्ण नाहीत. वर्षाला सव्वातीन सेकंदांच्या आसपास. देशातल्या सगळ्यात चांगल्या धावपटूची ही गती, आणि तू मला विचारतेस की महिन्याभरात काहीच कसं कमी झालं नाही!

त्यातलं टोकियोचं पान तर पाठच कर. २०२१ला तिथं तो प्राथमिक शर्यतीत राष्ट्रीय विक्रम करून बसला आणि तरी त्या शर्यतीत सातवा आला, अंतिम फेरी हुकली. आता सांग, त्या दिवशी तो जिंकला की हरला? 'अंतिम फेरी' एवढंच लिहिलं असेल तर हरला. '८:२०च्या आत' असं लिहिलं असेल तर जिंकला. बर्मिंगहॅमला त्याला रौप्य मिळालं, सुवर्ण गेलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागानं. पुढचा धावणारा त्या दिवशी जरा मागे राहिला असता तर तेच ८:११.२० सोन्याचं ठरलं असतं. नंबर दुसऱ्यांच्या पायांवर ठरतो. म्हणून वहीत वेळ लिहावी, आणि वेळेच्याही खाली ती वेळ आणणारं काम लिहावं. आणि कुणा मुलीचं नाव ध्येय म्हणून लिहू नकोस. ती शाळा सोडून गेली, तिचा पाय मुरगळला, तर तुझं ध्येय गेलं कुठं?

दुसरं उदाहरण आपल्याच माण तालुक्यातलं, मोहीची ललिता बाबर. ती आधी खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याचं धावणं, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. आणि स्टीपलचेसकडे वळली ती त्यानंतर. २०१४ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१६ला रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी, तिथं दहावी. पी. टी. उषांच्या १९८४च्या शर्यतीनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. पंधराव्या वर्षी तिनं एकच इव्हेंट पक्का करून दुसरीकडे बघितलंच नसतं तर? तुझा इव्हेंट १५००च आहे हे अजून कुठं ठरलंय? आपण तसं धरून चाललोय एवढंच. वर्षातून दोनदा ८०० आणि ३००० पळून बघ. लांब उडीच्या खड्ड्यात उतरलीस तरी मला चालेल.

आता जरा वेगळं, आणि हे तुझे सर तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. या वयात अंग बदलतं. उंची वाढते, कंबर रुंदावते, वजन वाढतं, आणि गेल्या वर्षी सहज आलेली वेळ या वर्षी जीव काढूनही येत नाही. चांगल्या चांगल्या पोरी इथंच मैदान सोडतात, कारण त्यांना वाटतं आपण आळशी झालो. तसं नसतं. अंगाला नव्या मापाची सवय व्हायला वेळ लागतो. अशा काळात घड्याळाचं ध्येय बाजूला ठेव आणि दुसरी लिही: आठवड्यातले पाच सराव चुकवायचे नाहीत, साडेनऊला झोपायचं, फेऱ्यांमधला फरक दोन सेकंदांच्या आत ठेवायचा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाच्या उंचवट्यावर दुखायला लागलं तर ते अंगावर काढू नकोस. वाढत्या वयात तिथं ताण येतो. पळणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पाळीच्या तारखा वहीत लिहीत जा. पळायला लागल्यापासून पाळी बंद झाली तर 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्यात. बरं काही होत नाही. पोटात पुरेसं जात नाही, याची ती खूण असू शकते, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. लगेच आईला सांग, मला सांग. उगाच धाप लागायला लागली, पाय जड वाटायला लागले तर हिमोग्लोबिन तपासून घे. वजन कमी करणं हे ध्येय तुझ्या वहीत मला कधीही दिसता कामा नये. कुणी तसं सांगितलं तर माझ्याकडे पाठव त्याला.

तुझ्या पप्पांचं म्हणणं वेगळं आहे, ठाऊक आहे मला. राज्याचं प्रमाणपत्र मिळालं की दहावीला गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे घरं त्यावर उभी राहिलीत. पण ते त्यांचं ध्येय आहे, आणि ते त्यांच्या वहीत असू दे. तुला स्वतःला पोलीस भरतीच करायची असेल तर सरळ सांग, लाजू नकोस. मुलींना तिथं ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्याचा सराव निराळा, तो आखून देईन. दोन्हीची भेसळ करून दोन्हीकडे अर्धवट राहू नकोस, एवढंच. आणि ध्येय व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायचं नाही. पन्नास अंगठे आले की काम झाल्यासारखं वाटतं.

स्पर्धेच्या दिवसासाठी एकच आकडा घेऊन जाऊ नकोस, तीन घेऊन जा. हवा छान, पाय हलके, तर ५:१०. साधारण दिवस असेल तर ५:१५. आणि सगळंच बिघडलं तर 'पहिली फेरी ४१च्या आत नाही, शेवटची अर्धी फेरी पूर्ण जोर लावून', वेळ काहीही येवो. सगळं बिघडतं ते बहुतेक मैदानाबाहेरच. सकाळी नऊला पुकारलेली शर्यत दुपारी एकला सुटते, हे जिल्ह्याला नेहमीचंच. तोवर पोरी उन्हात बसून वडापाव खातात, किंवा नऊलाच अंग तापवून ठेवतात आणि मग थंड पडतात. तू सावलीत बस, केळं आणि घोट घोट पाणी, आणि तुझ्या आधीचा इव्हेंट सुरू झाला की मगच उठून अंग मोकळं करायला लाग. जिल्ह्यातून पुढं गेलीस की विभागाला कोल्हापूरच्या पोरी भेटतील. त्या पहिली फेरी ३६ला काढतील. काढू देत.

सहा आठवड्यांनी वही घेऊन बसायचं. वेळ आली नसेल तर आधी कामाचं पान बघ. काम झालंय आणि वेळ आली नाही, तर आकडा आपण चुकीचा धरला, तो बदलू. त्यात कमीपणा नाही. कामच झालं नाही, तर आकड्याला हात लावायचा नाही, का झालं नाही ते शोधायचं. एसटी उशिरा येते म्हणून मंगळवार बुडतो, हे कारण असेल तर मंगळवारचा बुधवार करू. पुढच्या वर्षी दहावी आहे. तेव्हा आठवड्याला तीनच दिवस, आणि ध्येय एवढंच की आहे ती वेळ फार घसरू द्यायची नाही. मार्चनंतर पुन्हा पाच दिवस.

रविवारी फोन करशील तेव्हा कितवी आलीस ते सांगू नकोस. फेऱ्यांच्या वेळा वाचून दाखव, मी इकडे लिहून घेईन. आणि पहिली फेरी पुन्हा ३८ आली असेल, तर कट्ट्यावर कोण कोण बसलं होतं तेही सांग.