परतीचा हिशेब आधी मांडा

एकट्यानं लांबच्या प्रवासाला निघालेली पोरं-पोरी हल्ली माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. प्रश्न ठरलेले असतात. पैसे किती लागतात, व्हिसा कुठं सोपा मिळतो, बाईमाणसाला एकटीला भीती नाही का वाटत? परत आल्यावर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. नोकरी सोडून जवळजवळ वर्षभर आग्नेय आशियात एकटी फिरले आणि सांगलीला आईवडिलांच्या घरी परतले. त्यावरून सांगते, जाण्याची तयारी महिन्याभरात उरकते. परतण्याची तयारी जास्त अवघड, आणि तीसुद्धा निघण्याआधीच करावी लागते.

आधी कागदांचं बघू. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी आणि त्यात कोरी पानं हवीत. व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023 पासून 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. पण असे नियम कधीही बदलतात, तेव्हा ज्या त्या देशाची सरकारी साइटच बघायची. त्या देशातून बाहेर पडण्याचं तिकीट हातात नसेल, तर चेक-इनच्या काउंटरवरच अडवणूक होऊ शकते.

पासपोर्टाइतकंच जपायचं ते भारतातलं सिमकार्ड. थायलंडमधल्या चिआंग माईला असताना माझं एटीएम कार्ड बँकेनं संशयावरून ब्लॉक केलं. ते चालू करायला ओटीपी हवा, आणि ओटीपी येणारा नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला. वडील माझ्या आधारची झेरॉक्स घेऊन मोबाइलच्या दुकानात गेले. ज्याच्या नावावर नंबर त्यानंच यायला हवं, असं ऐकून परत आले. दुसऱ्या बँकेचं कार्ड होतं, पण त्यालाही तोच नंबर जोडलेला. बॅगेच्या अस्तरात शिवून ठेवलेल्या डॉलरच्या नोटांवर ते दिवस निभावले. म्हणून निघण्यापूर्वी वर्षभर नंबर चालू राहील अशी सोय करा, रोमिंगमध्ये एसएमएस येतात ना हे तपासा आणि रिचार्जची तारीख घरच्या एकाला लिहून द्या. सलग 90 दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि पुढं तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

विम्याचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांची एका प्रवासाची कमाल मुदत 180 दिवसांच्या आसपास असते. त्यापुढं काय, आणि विमा कशाला लागू होत नाही, हे पॉलिसी घेतानाच विचारा. उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगच्या घाटात मोटरसायकल भाड्यानं घेऊन फिरायची टूम आहे. माझ्या हॉस्टेलमधला एक भारतीय मुलगा तिथं पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याच्याकडे आरटीओनं दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना होता. पण आपला परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार निघतो आणि व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतं. भाड्यानं देणाऱ्यानं काही विचारलं नव्हतं, विमा कंपनीनं मात्र विचारलं. सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला.

घरची मेडिक्लेम पॉलिसीही चालू ठेवा. खंड पडला तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. आणि वर्षातले 182 दिवस बाहेर काढले की आपण एनआरआय झालो, या भ्रमात राहू नका. नुसतं फिरायला गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात असेल, तरी आयकर कायद्यानं रहिवासीच ठरू शकतो. सीएला आधीच विचारून घ्या.

हे सगळं निस्तरता येतं. घरी आल्यावर जे होतं, त्याला काउंटर नसतो. आल्या आल्या पंधरा दिवस कौतुकाचे. पाहुणे आले की आई म्हणायची, "अगं, तिकडचं काहीतरी सांग की." मी लाओसमधल्या लुआंग प्राबांगची पहाट सांगायला घ्यायची: अनवाणी भिक्षूंची रांग, रस्त्याकडेला चटईवर बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताची मूठ घालणाऱ्या बायका. चौथ्या वाक्याला काका विचारायचे, "पण तिकडं आपलं जेवण मिळतं का?" पुढचा प्रश्न लग्नाचा. यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. न पाहिलेल्या गावाबद्दल माणूस किती वेळ ऐकणार? त्यामुळं सगळं सगळ्यांना सांगायची हौस सोडा. ऐकणारं एखादं माणूस पुरतं.

जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन अभ्यासकांनी 1963 मध्ये मांडलं, की परदेशात गेल्यावर मन जसं आधी खचतं आणि मग सावरतं, तसंच ते मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा खचतं. हे आधी माहीत असेल तर आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटत नाही. मला पेनांगची, हनोईची आठवण येत असेल, असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर वर्षभर माझ्या वेळेवर कुणाचाच हक्क नव्हता, आणि त्याची मला सवय लागली होती. घराबाहेर पाऊल टाकलं की "कुठं निघालीस? जेवायला आहेस ना? दार लावून घेऊ का?" सगळी मायाच, पण माझा पारा चढायचा. आल्याबरोबर घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या: घरखर्चात वाटा किती, कामं कोणती, कोणता वेळ फक्त आपला.

मागं राहिलेल्यांचं आयुष्यही थांबत नाही. मी बाहेर असताना वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते मला परतल्यावर कळलं. "तुला उगाच घोर नको म्हणून," आई म्हणाली. निघताना घरातल्या निदान एका माणसाकडून वचन घ्या, की वाईट बातमी लपवायची नाही. आणि फोन केलात की स्वतःचे किस्से नंतर, आधी त्यांचं विचारा. हॉस्टेलमधली मैत्री एका संध्याकाळी जुळते आणि चेक-आउटला संपते. गावातली मैत्री राखावी लागते, नाहीतर परत आल्यावर चहाला बोलवायला माणूस उरत नाही.

आता पैशांचं. प्रवासाच्या बजेटमधून चार-सहा महिन्यांचा घरचा खर्च आधीच बाजूला काढून मुदत ठेवीत टाका आणि तिकडं कितीही मोह झाला तरी ती मोडू नका. हाताशी पैसे नसले की पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि मग प्रवासालाच बोल लावला जातो. मुलाखतीत वर्षभराच्या खंडाबद्दल विचारतातच. दोन वाक्यांत सांगा आणि कामाकडे वळा. परतल्यावर तीन महिने पुढच्या प्रवासाचं तिकीट काढू नका. त्या दिवसांतली ओढ बहुतेक वेळा पळ काढायची असते.

परतीचं तिकीट काढलं नसलं तरी एकवेळ चालेल. पण परतल्यावर राहणार कुठं, खर्च कशातून भागवणार आणि रोज भेटायला कोण असेल, याची उत्तरं वहीत लिहिता येत नसतील, तर निघण्याची तारीख पुढं ढकला.