शेजारच्या इमारतीतलं गिऱ्हाईक

खिडक्यांच्या काचा साफ करून देण्याच्या धंद्यात जाहिरात स्वस्त पडली की महाग, हे जाहिरातीच्या बिलावरून कळत नाही, पेट्रोलवरून कळतं. मी पुण्याजवळ, पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला राहते. आम्ही दोघी बायका, हाताखाली दोन पोरं, दोन स्कूटर, एक घडीची शिडी, बादल्या, वायपर आणि मायक्रोफायबरची फडकी, एवढाच पसारा. हडपसरहून फोन आला की गिऱ्हाईक मिळाल्यासारखं वाटतं. पण शहर आडवं ओलांडून तिथे पोचेपर्यंत सकाळ संपते, आणि काम निघतं दोन खोल्यांच्या खिडक्यांचं. तेवढ्याच वेळात पुनावळ्यातल्या एकाच इमारतीत दोन-तीन फ्लॅट होऊन जातात. आज जिथे शिडी लावली आहे त्याच इमारतीत, फार तर समोरच्या इमारतीत, पुढचं काम मिळवून देते तीच जाहिरात माझ्या लेखी स्वस्त. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की तुमचं गिऱ्हाईक किती लांब आहे?

सुरुवातीला आम्हालाही सगळ्यांसारखं वाटायचं, की आपलं नाव सगळ्या शहरात झालं पाहिजे. घरपोच कामांची गिऱ्हाइकं पुरवणाऱ्या एका ॲपवर आम्ही आगाऊ पैसे भरले. कोणी चौकशी केली की तुमच्या खात्यातून रक्कम वळती होणार, मग काम मिळो न मिळो, अशी ती पद्धत. फोन करावा तर समोरची बाई वैतागलेली असायची, कारण तीच चौकशी आमच्यासारख्या आणखी कितीतरी जणांना विकलेली होती आणि तिचा फोन सकाळपासून वाजत होता. ज्याने सगळ्यांत कमी दर सांगितला त्याला काम, बाकीच्यांचे पैसे गेले. हा प्रकार बेकायदा नाही, अटींत सगळं लिहिलेलं असतं. मोठ्या भांडवलाच्या कंपनीला ते परवडतही असेल. चौघांच्या धंद्याने त्या वाटेला जाऊ नये. जायचंच असेल तर भरलेली सगळी रक्कम बुडाली असं आधी वहीत लिहावं आणि मगच भरावी.

पेपरात टाकायच्या पत्रकांचंही तेच. विक्रेत्याला हजारी दराने पैसे मोजायचे, पहाटे पोरं पेपरात पत्रकं घालतात, आणि ती पेपराआधी रद्दीत पडतात. गॅस शेगडी दुरुस्त करता का, असे फोन मात्र येतात. एका सोसायटीत स्वतः जाऊन, कमिटीला विचारून नोटीस बोर्डावर लावलेला एक कागद त्याहून जास्त कामाचा. विजेच्या खांबावर किंवा झाडावर पाट्या ठोकायच्या भानगडीत पडू नका. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे आणि महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग पाटीवरचाच नंबर फिरवतो. सोसायट्यांमधल्या रहिवाशांच्या मोबाइल नंबरांच्या याद्या विकणारेही भेटतील. साध्या नंबरावरून असे जाहिरातीचे फोन करायला दूरसंचार नियामकाची 2018 च्या नियमांनुसार मनाई आहे, लोक 1909 वर तक्रार करतात आणि तुमचा नंबरच बंद होऊ शकतो. ज्या नंबरावर धंदा चालतो तोच घालवून बसायचा, हा कसला प्रचार?

आमचा खरा प्रचार झाला सर्व्हिस लिफ्टमध्ये. बादल्या-शिडी घेऊन आलेल्यांना बहुतेक सोसायट्या मागच्या लिफ्टने पाठवतात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, अजूनही थोडा येतो. पण त्या लिफ्टमध्ये घरकाम करणाऱ्या मावशी भेटतात. एक मावशी एकाच इमारतीत चार-पाच घरी जाते, आणि दिवाळी आली की प्रत्येक घरात तिला हळूच सांगितलं जातं, ‘मावशी, जमलं तर खिडक्या पण पुसून घ्या.’ स्लायडिंगच्या खाचांत वर्षभराची धूळ, डासांची जाळी काढता येत नाही, स्टुलावर चढून हात पोचत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे मागायचे तर बाईंशी वाईटपणा. या कामातून सुटका व्हावी असं इमारतीत सगळ्यांत जास्त तिलाच वाटत असतं. ‘ताई, त्या काचवाल्या आल्यात बघा बाराशे तीनमध्ये, त्यांनाच बोलवा,’ हे वाक्य ती मनापासून बोलते. घरमालकीण कुठल्याही पत्रकापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवते, कारण बाराशे तीनमधल्या काचा मावशीने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात.

मावशींना कमिशन द्यावं का? मी देत नाही. पैसे आले की तिचं बोलणं विकतचं होतं आणि मालकिणीला ते लगेच कळतं. आमच्यात असं ठरलंय, की ज्या घरात ती काम करते तिथे आम्ही आमचा सगळा पसारा स्वतः उचलायचा, ओटा आणि बाथरूमची फरशी कोरडी करून जायचं. आमच्यामागे तिला पुन्हा पोछा मारावा लागला तर ती आमचं नाव घेणार नाही, उलट नावं ठेवेल! वॉचमन काकांचंही तसंच. चहा जरूर पाजा, पण गुपचूप पैसे देऊ नका. कमिटीला कुणकुण लागली की त्यांची नोकरी जाते आणि आपला प्रवेश बंद होतो.

त्याच लिफ्टसाठी आम्ही टी-शर्ट छापून घेतले, पुढे कोरे, पाठीवर ‘खिडक्या व काचा सफाई’ आणि नंबर. मराठीत आणि इंग्रजीतही, कारण वाकड-ताथवड्यात अर्धी इमारत परप्रांतातून आलेल्या आयटीवाल्यांची. एकदा केलेला खर्च वर्षभर पुरतो.

दुसरी गोष्ट अर्ध्या काचेची. इकडच्या बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम काचेवर वाळून पांढरे डाग धरतं, आणि ते साबणाने जात नाहीत म्हणून काच जुनी झाली असं लोक समजतात. कमिटीला विचारून क्लबहाउसच्या किंवा लॉबीच्या एका काचेला मधोमध कागदी चिकटपट्टी लावा आणि अर्धीच काच साफ करून सोडून द्या. मैत्रिणीने हे सुचवलं तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. पण संध्याकाळी खाली उतरणारा प्रत्येक माणूस तिथे थांबतो. त्या काचेशेजारी रविवारी स्टॉल लावायचा तर सोसायटी भाडं मागते, ते भाडं कित्येकदा लॉबीच्या काचा साफ करून देण्यावर मिटतं. उरलेली अर्धी काच त्याच दिवशी पूर्ण करून द्या, नाहीतर सेक्रेटरींचा फोन येतो.

डाग काढायला आम्ही सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून वापरतो. किराणा दुकानात ते लिंबूसत्व म्हणून मिळतं. त्याने डाग निघतात, पण खिडकीची पट्टी संगमरवरी असेल तर तिच्यावर कायमचे चट्टे पडतात, म्हणून आधी ती झाकायची. संडास धुवायचं ॲसिड तर घरात आणूच नका, ॲल्युमिनियमचा मुलामा जातो. हे मी जाहिरातीच्या गोष्टीत का सांगते आहे? कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिघडलेल्या एका पट्टीचा फोटो आला की त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायची सोय राहत नाही.

त्याच ग्रुपवर दरही फिरतात. सातव्या मजल्याला घासाघीस करून कमी दर दिला की त्या बोलण्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी दहाव्या मजल्यावर पोचलेला असतो, आणि आधी पूर्ण पैसे दिलेला चौथा मजला रागावतो. पहिल्यांदा स्वस्तात करून द्यावं, नंतर दर वाढवावा, हा सल्ला मलाही खूप जणांनी दिला. सोसायटीत तो चालत नाही. दोन ट्रॅकची खिडकी, तीन ट्रॅकची खिडकी, बाल्कनीचा मोठा दरवाजा, आणि किमान बिल एवढं, असं दरपत्रक करा, त्याचाच फोटो सगळ्यांना पाठवा. सवलत द्यायचीच तर एकाच इमारतीत एकाच दिवशी तीन घरांनी मिळून बोलावलं तर द्या. तिथे तुमचं पेट्रोल वाचलेलं असतं, सवलत त्यातूनच निघते, आणि शेजारणीला विचारायचं काम गिऱ्हाईक स्वतःच करतं.

ग्रुपवर आपण होऊन घुसायचं नाही. काम आवडलेल्या गिऱ्हाइकाने तिच्या शब्दांत, तिच्या खिडकीच्या फोटोसह लिहिलं तरच अर्थ आहे. फोटो काढताना विचारा, आणि काचेत काय दिसतंय ते बघा. स्वच्छ काचेत देवघर, कपाट, वाळत घातलेले कपडे सगळं उमटतं.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, 2018 पासून आपल्याकडे आहे, त्यात दरपत्रक आणि फोटो ठेवता येतात. पण ब्रॉडकास्ट यादीची एक खोच कोणी सांगत नाही. एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. बाकीच्यांना काहीच जात नाही, आणि आपण म्हणत बसतो की लोक उत्तर देत नाहीत. म्हणून काम संपल्यावर गिऱ्हाइकाला तिच्याच खिडकीचा आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा, सोबत ‘काचा सफाई रावेत’ अशा नावाचं कॉन्टॅक्ट कार्ड. माझं नाव वर्षभराने कोणाला आठवणार? कामाचं नाव आठवतं. शिवाय विचारून खिडकीच्या चौकटीला आतून एक छोटं स्टिकर लावतो, पाण्याच्या फिल्टरवाले लावतात तसं. पुढच्या वर्षी काच मळलेली दिसते त्याच जागी नंबर असतो.

गूगलवर धंद्याची नोंद करायला पैसे लागत नाहीत. ‘तुमचं नाव वर आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग टाकता येतात, जास्तीत जास्त 20. आम्ही जेमतेम पाच टाकले, तेही एकमेकांना लागून. अभिप्राय काम झाल्याच्या संध्याकाळीच मागा, दोन दिवसांनी कोणी देत नाही. त्या बदल्यात सवलत मात्र देऊ नका, गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि अभिप्राय काढून टाकले जातात. उद्यम नोंदणीही सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिचे पैसे घेणारी, तशीच दिसणारी पानं भरपूर आहेत, जपून. कमिटीचं काम घ्यायचं तर ते प्रमाणपत्र आणि पोरांच्या आधारच्या प्रती फाइलमध्ये असलेल्या बऱ्या. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत मिळतो, तोही सगळ्यांचा काढून ठेवा. सेक्रेटरी लोक विम्याचं विचारतातच, आणि विचारलं नाही तरी शिडीवर चढणारं पोर आपलंच असतं.

उंच इमारतीच्या बाहेरच्या बाजूने काचा साफ करून मागणारे हमखास भेटतील. दोरीवर लटकून करायचं काम शिकलेल्या आणि तशी साधनं असलेल्या लोकांचं. आम्ही दरपत्रकातच लिहिलंय, ‘फक्त आतून, हात पोचेल तिथपर्यंत.’ त्याने थोडी कामं जातात. जाऊ देत.

इतर कारागिरांशी सख्य ठेवा. रंगारी काम संपवून जातो तेव्हा काचेवर रंगाचे शिंतोडे असतात आणि मालक त्याच्याशी भांडत असतो. अशा वेळी रंगाऱ्याने आमचा नंबर दिला तर त्याचीही सुटका होते. डासांच्या जाळ्या बसवणारा, नव्या फ्लॅटचं फर्निचर करणारा सुतार, हे त्याच माळेचे. सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे भाड्याची घरं लावून देणारे एजंट. भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा, म्हणजे एकाच एजंटच्या हातात दर महिन्याला रिकामी होणारी घरं असतात, आणि नव्या भाडेकरूला घर दाखवताना त्याला काच लख्ख हवी असते. यांच्याशीही पैशांची नाही, कामाची देवाणघेवाण ठेवली. रंगाऱ्याचं विचारणारे आमच्याकडेही येतातच.

प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न न चुकता विचारा, ‘नंबर कुठून मिळाला?’ आणि वहीत इमारतीच्या नावापुढे लिहा. सहा महिन्यांनी ती वही उघडली तर कुठे पैसे घालायचे ते आपोआप दिसतं. आमच्या वहीत मावशी आणि शेजारीण हेच दोन शब्द पानोपानी आहेत.

आता हंगाम. दिवाळीच्या आठवड्यात जाहिरात करणं म्हणजे पैसे वाया, तेव्हा सगळेच सफाईवाले भरलेले असतात आणि कामाला माणूस मिळत नाही. आपल्याकडे घट बसायच्या आत घर झाडून-पुसून घ्यायची रीत, म्हणजे खरी मागणी पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत लोक नवी खरेदी टाळतात, साफसफाई टाळत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांना संदेश गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की लगेच पाठवावा आणि तारखा इमारतीप्रमाणे लावाव्यात.

जून ते ऑगस्ट घरांचं काम जवळजवळ बंद असतं, पावसात काचा कोण पुसून घेईल? तेव्हा दुकानं धरायची. चष्म्याची, मिठाईची, कपड्यांची दुकानं, दवाखाने. गाड्यांनी उडवलेला चिखल दर्शनी काचेवर बसतो आणि मालकाला तो रोज टोचतो. एकाच रस्त्यावरची ओळीने पाच-सहा दुकानं आठवड्याला बांधून घेतली की पोरांचा पगार निघतो. त्यासाठी पत्रक लागत नाही, पहिल्या दुकानाची काच पुसताना शेजारचा बाहेर येऊन दर विचारतो. दर सांगताना शटर उघडायच्या आधीची वेळ मात्र मागून घ्या, दहा वाजल्यानंतर फुटपाथवर बादली ठेवायलाही जागा नसते.