ग्रहण पाहा, पण डोळे सांभाळून

ग्रहण जवळ आले की आमच्या उंद्रीच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे हमखास येतात. एक, "डॉक्टरसाहेब, एखादा जुना एक्स-रे असला तर द्या, पोरांना ग्रहण पाहायचंय" असे म्हणणारी. दुसरी, सातव्या-आठव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन येणारी सासूबाई. ग्रहणात सुनेने काय पाळायचे, हे तिला विचारायचे असते. एक्स-रे मी कोणालाच देत नाही. का देत नाही, ते सांगतो.

सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा, पण तितकाच दूरही. म्हणून आकाशात दोघे सारख्याच आकाराचे दिसतात. एखाद्या अमावास्येला चंद्र नेमका सूर्याच्या आड आला की त्याची दाट सावली पृथ्वीवरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून सरकत जाते. त्या पट्ट्यात खग्रास, आजूबाजूला खंडग्रास. ११ ऑगस्ट १९९९ च्या संध्याकाळी असा पट्टा गुजरातेतून महाराष्ट्रात शिरला आणि विदर्भ ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याकडे गेला. पण आषाढ अमावास्या; बहुतेक ठिकाणी ढगांनीच बाजी मारली. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण सुरत-इंदूर-भोपाळकडून वर बिहारात गेले, आपल्या वाट्याला तेव्हा खंडग्रास आले. त्याआधी २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, तसेच झाले होते.

सूर्य पूर्ण झाकलेला असतो ती एक-दोन मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. तेव्हा दिसणारे प्रभामंडळ पौर्णिमेच्या चंद्राइतकेच तेजस्वी असते. धोका आहे तो आधीच्या आणि नंतरच्या खंडग्रास अवस्थेत. सूर्य पूर्णचंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तरी ती कोर पूर्णचंद्राच्या हजारो पट प्रखर असते. एरवी सूर्याकडे आपण क्षणभरही पाहू शकत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड मंदावतो, बाहुली मोठी होते, आणि माणूस त्या कोरीकडे टक लावून बसतो. डोळ्यातले भिंग तो प्रकाश दृष्टिपटलाच्या नेमक्या मधल्या ठिकाणी, पीतबिंदूवर, एकवटते. आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, ते सगळे याच टिचभर जागेच्या जोरावर. तिथे होणारी इजा मुख्यतः प्रकाशाने घडवलेली रासायनिक इजा असते. लहान मुलांचे भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांना धोका जास्त.

आणि हे सारे घडताना दुखत काहीच नाही! दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. लक्षणे काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी दिसतात. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणानंतर नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याने एक्स-रेच्या फिल्ममधून बराच वेळ सूर्य पाहिला होता. फळ्यावरच्या शब्दातले मधलेच अक्षर दिसत नाही, रेघा वाकड्या दिसतात, ही तक्रार. त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. या इजेवर खात्रीचे औषध नाही, वाट पाहणे एवढेच हाती असते. बऱ्याच जणांची नजर तीन ते सहा महिन्यांत सुधारते. त्याचीही सुधारली, पण उजव्या डोळ्यात एक बारीक डाग राहिला तो राहिलाच.

एक्स-रेची फिल्म कुठे काळी, कुठे पुसट असते. तिच्यातून दृश्य प्रकाश कमी झाला तरी अवरक्त किरण पलीकडे जाऊ शकतात. डोळ्यांना झोंबत नाही याचा अर्थ सुरक्षित आहे, असा नाही. काजळी धरलेली काच, साधा गॉगल, सीडी यांचेही तेच. परातीतल्या शेणकाल्यात किंवा हळदीच्या पाण्यात प्रतिबिंब पाहण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, तीही सोडावी. आय.एस.ओ. १२३१२-२ असा उल्लेख असलेला ग्रहण-चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. चष्म्यावर ओरखडा वा छिद्र असेल तर फेकून द्या. तो लावून दुर्बिणीतून पाहणे तर सर्वांत घातक.

आता सासूबाईंचा प्रश्न. ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो, असे म्हणतात. बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्याच्या सुमारास. सातव्या महिन्यातल्या बाईने विळी हाती घेतली काय, न घेतली काय, बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला असतो. त्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, आईचे धूम्रपान अशी कारणे असतात. सूर्याकडे थेट पाहणे तिनेही टाळावे, एवढेच. पण वेध लागल्यापासून तिला पाण्याशिवाय ठेवणे मात्र खरेच अपायकारक. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आजोबांचीही साखर एकदम उतरू शकते. ज्यांना पाळायचे त्यांनी पाळावे, पण या दोघांना जेवू घालावे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, इजिप्तकडे खग्रास असलेले ग्रहण आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास आहे. शाळेचा दिवस. गुरुजींनी छोटा आरसा घ्यावा, त्यावर बोटाच्या पेराहून लहान भोक पाडलेला कागद चिकटवावा आणि उन्हाचा कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडावा. दहा मीटरवर सूर्याची प्रतिमा सुमारे नऊ सेंटिमीटरची पडते, सगळा वर्ग एकदम पाहू शकतो. मुलांनी आरशात मात्र डोकावू नये. घरी पिठाची चाळणी उन्हात धरली तर जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात. कडुनिंबाखालच्या कवडशांतही त्या दिसतील, ढगांनी दिल्या तर!